आल्टेस म्युझियम, बर्लिन: १:१०० मॉडेल करताना घुमट, खांब आणि उजेड कसा पकडायचा?

कोनाडा

नवअभिजात शैलीतलं एक जुनं कलासंग्रहालय घेऊन १:१०० चं मॉडेल आणि मधोमध कापलेला एक सेक्शन द्यायचा आहे. वास्तुकार शिंकेलचं आल्टेस म्युझियम निवडलंय. प्लॅन आणि दर्शनी बाजू कळते. अडतंय ते इथे:

१. आत २३ मीटर व्यासाचा घुमट आहे, पण बाहेरून कुठेच दिसत नाही. वर नुसता चौकोनी डबा आहे. असं का केलं असेल, आणि मॉडेलमध्ये दोन्ही गोष्टी कशा दाखवायच्या?

२. दर्शनी खांब अठरा. थ्रीडी प्रिंट करायचे की लाकडाचे कातून घ्यायचे? त्यांवरच्या उभ्या पन्हळी या मापात येतात का, की गुळगुळीत ठेवलेले बरे?

३. हल्लीच्या फोटोंत पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना घोड्यावरचे पुतळे, समोर प्रचंड दगडी वाडगा, खांबांमागे काच, शेजारी मोठं चर्च दिसतं. यातलं काय घ्यायचं?

सेक्शन आडवा कापायचा की उभा, तेही सांगा.

---

ओळंबा

आधी साल ठरवा, तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळेल. ही इमारत एका सालात गोठलेली नाही आणि बहुतेक मॉडेल तिथेच फसतात: १८३० ची इमारत, १८६१ चा पुतळा आणि १९०५ चं चर्च एकाच पाटावर.

आराखडा १८२२-२३ चा, पायाचा दगड १८२५ चा. दर्शनी पट्टीवरच्या लॅटिन लेखात रोमन अंकांत १८२८ कोरलेलं आहे, पण संग्रहालय लोकांसाठी उघडलं ३ ऑगस्ट १८३० ला, प्रशियाचा राजा तिसरा फ्रीडरिश विल्हेल्म याच्या साठाव्या वाढदिवशी. म्हणून लेखातलं साल पाहून मॉडेलवर ‘१८२८’ लिहू नका.

१८३० धरलंत तर:

पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंचे चौथरे रिकामे ठेवा. उजवीकडची श्वापदाशी झुंजणारी घोड्यावरची अॅमेझॉन (आउगुस्ट किस) १८४० च्या दशकात आली, डावीकडचा सिंहाशी लढणारा स्वार (आल्बर्ट वोल्फ) १८६१ चा.

वाडगा नको. ६.९१ मीटर व्यासाचा तो ग्रॅनाइटचा वाडगा मुळात आतल्या गोल दालनासाठी मागवला होता. माप वाढत गेलं, आत बसेना, म्हणून १८३१ मध्ये समोरच्या बागेत आणला. हवाच असेल तर साल १८३१ करा, मॉडेलमध्ये तो ६.९ सेंटीमीटरचा येईल.

काच नको. खांबांमागची ओसरी आणि जिना उघड्या हवेत होता. काच अलीकडची आहे आणि ती दाखवलीत तर या इमारतीतली सगळ्यात धाडसी गोष्ट मरते. खालून वर जाताना माणूस आत असूनही शहर बघत असतो, खांबांच्या दोन ओळींमधून. दर्शनी अठरा खांबांच्या मागे, मधल्या भागात चार खांबांची आणखी एक ओळ आहे. ती विसरू नका, बऱ्याच मॉडेलमध्ये तिथे सरळ भिंत दिसते.

आता शेजारचं चर्च. सध्याचं बर्लिनर डोम १८९४ ते १९०५ मधलं, म्हणजे शिंकेलच्या मृत्यूनंतर अर्ध्या शतकाहून जास्त काळाने बांधलेलं. १८३० ला तिथे जुनं, बरंच बुटकं चर्च होतं आणि त्याचं नवं रूप शिंकेलनेच १८२२ पर्यंत पुरं केलं होतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथेच दडलंय. बागेच्या एका बाजूला चर्च, समोर राजवाडा, पश्चिमेला शस्त्रागार. धर्म, राजसत्ता, सैन्य, आणि चौथ्या बाजूला कला. चर्चला घुमट असताना शेजारी संग्रहालयाने दुसरा घुमट उभारणं म्हणजे बरोबरीच्या जागेवर बसून मोठा आवाज काढणं. शिंकेलने तो काढला नाही. शिवाय ८७ मीटर लांबीची ती सरळ आडवी रेघ हीच दर्शनी बाजूची ताकद. मध्ये घुमटाचा फुगवटा आला असता तर डोळा तिथेच थांबला असता. म्हणून घुमट चौकोनी भिंतींत झाकला आणि त्या डब्याच्या समोरच्या कोपऱ्यांवर घोडे आवरणाऱ्यांचे पुतळे ठेवले.

याचा फायदा आतल्या माणसाला मिळतो. बाहेरून कसलीच चाहूल नसते, ओसरीतून दोन दारं ओलांडली की एकदम पँथिऑनचं (रोममधलं प्राचीन घुमटाचं मंदिर) धाकटं रूप समोर येतं. पँथिऑन सुमारे ४३ मीटर, हे २३, म्हणजे निम्म्याहून थोडं मोठं. प्रमाण तेच: व्यास आणि उंची सारखी.

सेक्शन उत्तर-दक्षिण कापा, दर्शनी बाजूला काटकोनात. पायऱ्या, ओसरी, जिना, गोल दालन, मागची दालनं सगळं एका रेघेत मिळतं. पूर्व-पश्चिम कापलात तर घुमटाच्या दोन्ही बाजूंचे चौक सुरेख दिसतात, पण जिना हातचा जातो.

---

टाकीघाव

खांबांबद्दल.

हे आयोनिक (माथ्याला वेटोळी असलेले, ग्रीक पद्धतीचे) खांब आहेत, उंची सुमारे १२ मीटर, म्हणजे मॉडेलमध्ये १२ सेंटीमीटर. आयोनिक खांबाची उंची बुडाच्या व्यासाच्या साधारण नऊ पट असते. तेव्हा बुडाशी १३ मिलिमीटर आणि माथ्याशी ११ च्या आसपास. हा दोन मिलिमीटरचा फरक ठेवाच. सरळ पाइप कापून लावले की अठरा खांब वरच्या बाजूला फुगल्यासारखे वाटतात आणि का ते बघणाऱ्याला सांगता येत नाही. मधला हलका फुगवटा मात्र या मापात दिसणार नाही, त्यासाठी जीव काढू नका.

पन्हळींचा हिशोब असा: आयोनिकला २४ पन्हळी, आणि दोन पन्हळींमध्ये एक सपाट पट्टी. (डोरिकला, म्हणजे साध्या माथ्याच्या ग्रीक खांबाला, २० आणि मध्ये पट्टी नाही, धारदार कड.) १३ मिलिमीटर व्यासाचा घेर ४१ मिलिमीटर. त्याला २४ ने भागलं की एका पन्हळीला तिच्या पट्टीसकट १.७ मिलिमीटर येतात. त्यात पट्टीचा वाटा पाव किंवा पाचवा हिस्सा, म्हणजे ०.३५ ते ०.४ मिलिमीटर. नेहमीच्या फिलामेंट प्रिंटरचं नोझल ०.४ चं असतं. ते ही पट्टी धड काढत नाही: कुठे उमटते, कुठे विरघळल्यासारखी होते आणि खांब डोरिक दिसायला लागतो. म्हणून दोनच मार्ग:

रेझिन प्रिंट. ०.०५ चा थर ठेवलात तर पट्टी स्वच्छ येते. खांब थोडा तिरका ठेवून प्रिंट करा आणि आधाराच्या काड्या मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला येऊ द्या. धुऊन झाल्यावर पूर्ण कडक करण्याआधी एका सरळ पट्टीला टेकवून बघा. १२ सेंटीमीटरचा बारीक तुकडा पटकन वाकतो.

किंवा पन्हळी सोडून द्या आणि सागाचे नाहीतर बीचचे गुळगुळीत निमुळते खांब कातून घ्या. अर्धवट पन्हळींपेक्षा गुळगुळीत खांब कधीही प्रामाणिक. पन्हळ काढतो ती सावलीसाठी, आणि सावलीच पडत नसेल तर तिचा उपयोग नाही.

माथा वेगळा प्रिंट करा आणि एकच साचा अठरा वेळा वापरा. हे इथे चालतं त्याला कारण आहे. आयोनिक माथ्याला समोरून दोन वेटोळी असतात आणि बाजूने गुंडाळलेल्या गादीसारखा भाग. त्यामुळे खांबांची ओळ कोपऱ्यावर वळली की पंचाईत होते: कोपऱ्याच्या खांबाला दोन्ही बाजूंनी दर्शनी तोंड हवं, म्हणून तिथलं वेटोळं ४५ अंशांत बाहेर ओढावं लागतं. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये (रॉबर्ट स्मर्क, ४४ आयोनिक खांब) ओळ कोपऱ्यांवर वळते, तिथे हे नीट बघायला मिळतं. शिंकेलने कटकटच ठेवली नाही. दोन्ही टोकांना रुंद चौकोनी भिंतखांब उभे केले आणि अठरा खांब त्यांच्या मधोमध घेतले. इमारतीच्या चारही कोपऱ्यांना तेच भिंतखांब आहेत. तुमच्या मॉडेलमध्ये हे कोपरे काटेकोर आले नाहीत तर पुढची ओळ चिकटवल्यासारखी दिसेल.

मोजताना: खांब अठरा, पण गाळे एकोणीस, कारण दोन्ही टोकांना भिंतखांब आहेत. सतरा गाळे धरून अंतर काढलंत तर शेवटचे दोन खांब कोपऱ्यांना चिकटतात. मापं फोटोवरून घेऊ नका. शिंकेलने स्वतःच्या इमारतींचे कोरीव नकाशे १८१९ पासून हप्त्याहप्त्याने छापले, त्यांत या इमारतीचे प्लॅन, सेक्शन आणि खांबांचे तपशील आहेत. ग्रंथालयांच्या संकेतस्थळांवर ते मोठ्या आकारात मिळतात. माप जुन्या प्रशियन फुटांत असतं, एक फूट म्हणजे ३१.४ सेंटीमीटर. आपल्या फुटाने मोजलंत तर सगळं तीन टक्क्यांनी लहान होईल.

मुंबईत असाल तर एकदा टाउन हॉलच्या पायऱ्या चढा, एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय आहे ती इमारत. १८३३ मध्ये पुरी झाली, म्हणजे आल्टेस म्युझियमची समकालीनच. तिथले खांब डोरिक, खाली बैठक नाही, थेट जोत्यावर उभे, आणि वर त्रिकोणी माथा. आल्टेस म्युझियमला त्रिकोणी माथा अजिबात नाही, बैठक आहे आणि खांब सडपातळ. एकाच काळातल्या दोन ग्रीक वाटा यातून कळतात, आणि पन्हळीची सावली दुपारी किती खोल पडते ते हात लावून बघता येतं.

---

कोनाडा

एकोणीस गाळे! माझ्या ड्रॉइंगमध्ये सतराच आहेत, आज बदलतो.

आणखी एक. वरच्या मजल्याच्या जुन्या प्लॅनमध्ये खिडक्यांना काटकोनात बऱ्याच छोट्या भिंती दिसतात, आताच्या फोटोंत नाहीत. त्या खरंच होत्या का? आणि सेक्शनमध्ये त्या छतापर्यंत काढायच्या का?

---

झरोका

होत्या, आणि चित्रांसाठी या इमारतीत केलेला सगळ्यात हुशार विचार तोच होता.

तळमजल्यावर शिल्पं आणि वर चित्रं अशी मूळ वाटणी. चित्रांच्या दालनांना उजेड बाजूच्या खिडक्यांतून येतो. खिडकीसमोरच्या भिंतीवर चित्र लावलं की व्हार्निशमध्ये खिडकीच उमटते आणि चित्र दिसत नाही. खिडकीच्याच भिंतीवर लावलं तर बघणाऱ्याच्या डोळ्यावर उजेड येतो आणि चित्र काळं पडतं. उरते ती खिडकीला काटकोनातली भिंत. तिच्यावर उजेड बाजूने सरपटत येतो, चकाकी बघणाऱ्याच्या डोळ्यापर्यंत न येता पलीकडे निघून जाते. म्हणून शिंकेलने लांब दालनांत लाकडी पडदी उभ्या केल्या आणि दोन पडदींमध्ये एक खिडकी दिली. लांब दालनाचे छोटे कप्पे झाले, चित्रं टांगायला जागा वाढली आणि एकेका घराण्याची चित्रं एकेका कप्प्यात लावता आली. चित्रसंग्रह सांभाळणाऱ्या वागेनला हीच मांडणी हवी होती.

पडदी छतापर्यंत नेऊ नका. वर मोकळी जागा ठेवा, म्हणजे दालन एकसंध आहे हे सेक्शनमध्ये कळेल.

त्याच काळात म्युनिकला वास्तुकार क्लेंझने आल्टे पिनाकोटेक या चित्रसंग्रहालयात (१८२६ ते १८३६) दुसरी वाट घेतली: मोठ्या चित्रांसाठी मधल्या दालनांना वरून उजेड, आणि लहान चित्रांसाठी उत्तरेला छोट्या खोल्या. लंडनजवळच्या डलविचच्या चित्रसंग्रहालयात जॉन सोनने त्याआधीच छतातले ‘कंदील’ (वरून उजेड घेणारे काचेचे उंचवटे) वापरले होते. पुढच्या बहुतेक संग्रहालयांनी वरचा उजेड उचलला. मोठ्या कॅनव्हाससाठी तो बराच, पण हातभर चित्रं जवळून बघायला शिंकेलचे कप्पे मला जास्त योग्य वाटतात.

पडदी आता दिसत नाहीत कारण चित्रं केव्हाच दुसरीकडे गेली, आणि १९४५ मध्ये इमारत आतून जळाली. समोर एका टँकरचा स्फोट होऊन आग लागली होती. ओसरीच्या भिंतीवरची चित्रंही नष्ट झाली. दुरुस्ती १९५१ ते १९६६ चालली. दर्शनी बाजू आणि गोल दालन जुन्याप्रमाणे उभं केलं, बाकीची दालनं बदलली. म्हणून आतल्या भागासाठी आजचे फोटो वापरू नका. आज तिथे ग्रीक, एट्रुस्कन आणि रोमन वस्तू आहेत.

---

ओळंबा

सेक्शन काढताय तर जमिनीखालचंही दाखवा. ही जागा आधी पाण्याची होती, बेटावरून जाणारा कालव्याचा फाटा बुजवून ती मिळवली. पायाखाली तीन हजारांहून जास्त लाकडी खुंट ठोकलेले आहेत. लाकूड कायम पाण्याखाली राहिलं की कुजत नाही, कारण बुरशीला हवा लागते. पाण्याची पातळी खाली गेली आणि खुंटांची डोकी उघडी पडली की तिथून कूज सुरू होते. म्हणून अशा पायाच्या सेक्शनमध्ये पाण्याची रेघ खुंटांच्या डोक्याच्या वरच काढायची. ती खाली काढली तर जाणकार परीक्षक पहिलं बोट तिथे ठेवेल.

जोतं उंच आहे ते रुबाबासाठी खरंच, पण ओलीपासून बचावासाठीही. आणि सगळी इमारत दगडी समजून रंग देऊ नका. भिंती विटांच्या, वर गिलावा. वालुकाश्म आहे तो खांबांना, पट्ट्यांना आणि अशा दिसणाऱ्या भागांना. मागच्या आणि बाजूच्या भिंतींत खिडक्यांच्या दोन ओळी आहेत, म्हणजे तिथे दोन मजले उघड दिसतात. समोर मात्र एकच खांब दोन्ही मजल्यांची उंची घेतो.

---

रंधा

बांधणीचं बोलतो.

पाया: ८७ सेंटीमीटर × ५५ सेंटीमीटर. २२ × २८ इंची माउंट बोर्डात लांबी बसत नाही, सांधा येणारच. पण पायऱ्यांच्या आणि खांबांखालच्या कडेत सांधा दिसला तर ती लांब रेघ तुटते. ही एक पट्टी मोठ्या सनबोर्डातून अखंड कापा, बाकीचे सांधे कोपऱ्यांच्या भिंतखांबांमागे लपवा. छपराच्या पट्टीलाही हेच. खाली १२ मिलिमीटर प्लाय आणि त्याला मागून दोन पट्ट्या मारा, नाहीतर मध्ये झोल येतो आणि खांब छताला टेकत नाहीत.

खांब बसवताना ठिपका लावून एकेक चिकटवू नका. कार्डाच्या लांब पट्टीवर एकोणीस गाळे मोजून अठरा भोकं पाडा, तोच साचा खाली आणि वर दोन्हीकडे वापरा. बुडात दीड मिलिमीटरची पिन घाला. चिकट वाळेपर्यंत वरची पट्टी ठेवून हलकं वजन द्या.

घुमट: व्यास आणि उंची दोन्ही २३, म्हणजे साडेअकरा सेंटीमीटरपर्यंत सरळ गोल भिंत आणि वर अर्धा गोल. पाच नंबरचा फुटबॉल साधारण २२ सेंटीमीटर भरतो. त्यावर वर्तमानपत्राचे थर चढवा, घेर ७२.३ सेंटीमीटर झाला की व्यास २३. वर पातळ प्लास्टिक ताणा आणि कागदाच्या लगद्याचे चार-पाच थर द्या, प्रत्येक थर पुरता वाळल्यावर पुढचा. घाईत ओल्यावर ओलं चढवलं की वाळताना सुरकुत्या पडतात. वाळल्यावर अर्ध्यात कापा, हवा सोडा, आतला गोल मोकळा होतो. माथ्याला गोल भोक ठेवा आणि वर पारदर्शक चकती लावा. पँथिऑनला वरचं भोक उघडं आहे, इथे काच आहे.

आतले चौकोनी खळगे सारख्या मापाचे कापू नका. ओळ कुठलीही असली तरी खळग्यांची संख्या तीच राहते, रुंदी कमी होत जाते. पायापासून ६० अंश वर गेलं की घेर निम्मा, म्हणून खळगाही निम्मा. एका फाकेचं कागदी टेम्पलेट करा आणि तेच फिरवत आतून चिकटवा.

गोल भिंतीला आतून वीस कोरिंथियन (माथ्याला पानांची नक्षी असलेले) खांब आहेत, ते सज्जा तोलतात. इतक्या आत पन्हळी दिसत नाहीत, गुळगुळीत काड्या पुरे. माथे रेझिनचेच घ्या, कागदाचे केले की फुलकोबीसारखे दिसतात.

वरचा चौकोनी डबा चिकटवू नका. झाकणासारखा उचलता यायला हवा. झाकण लावून परीक्षकाला आधी समोरून दाखवा, मग उचला. छपराच्या कडेवर प्रत्येक खांबाच्या रेषेत एक गरुड असतो, एकूण अठरा. ते या मापात तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडेच मोठे येतील. जमत नसेल तर एकही लावू नका, पण पाच-सहाच लावून सोडू नका.

शेवटी दिवा. ही दर्शनी बाजू दक्षिणेकडे आहे आणि बर्लिन ५२.५ अंश उत्तरेला. जूनमध्ये भर दुपारी तिथला सूर्य ६१ अंशांवर असतो, डिसेंबरमध्ये फक्त १४ वर. मुंबई-पुण्याच्या उन्हाच्या सवयीने दिवा डोक्यावर धरला की छज्जाची सावली अख्ख्या खांबावर पडते आणि पन्हळी गायब होतात. दिवा समोरून थोडा डावीकडे, ३५ ते ४० अंशांवर ठेवा. पन्हळी उठतील आणि मागच्या भिंतीवर खांबांच्या तिरक्या सावल्या पडतील. फोटो काढताना कॅमेरा मॉडेलच्या जमिनीपासून दीड-दोन सेंटीमीटरवर धरा, म्हणजे बागेत उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर. त्याहून बरंच वर गेलात तर झाकलेल्या डब्याचं छप्पर दिसायला लागतं.